बिल्ला आधी की काम आधी?



दरवर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपते, शाळा उघडते, वह्या-पुस्तकांना नवी कव्हरे चढतात आणि थोड्याच दिवसांत शाळेत निरनिराळी मंडळे तयार होतात. कोठे स्काउट-गाइडचे पथक, कोठे हरित सेना, कोठे रस्ता सुरक्षा दल, तर कोठे नुसतेच 'सेवा मंडळ'. मंडळ स्थापन झाले, की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "सर, लीडर कोण होणार?" काम काय करायचे, हा प्रश्न मागाहून येतो. कधी कधी तर तो येतच नाही.

आपली चूक येथेच होते, असे मला वाटते. ही चूक मी स्वतःही केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. मार्च महिना सरत नाही तोच रस्ते तापू लागतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या वर्षी आमच्या सेवा मंडळाने शाळेच्या फाटकाबाहेर पाणपोई सुरू करायचे ठरवले. पाणपोई म्हणजे तुम्ही जिला सबील म्हणता तीच. मंडळाचा प्रमुख मी निवडला. मुलगा वर्गात पहिला येणारा, बोलण्यात हुशार. मी त्याच्या खिशावर बिल्ला लावला, हातात शिटी दिली. पहिल्या दिवशी फीत कापली, भाषणे झाली, फोटो निघाले. तीन रांजण काठोकाठ भरले होते. मला फार समाधान वाटले.

पाचव्या दिवशी दुपारी मी फाटकाबाहेर आलो. एक हातगाडीवाला गाडी उभी करून रांजणात डोकावत होता. त्याने झाकण परत ठेवले, मानेवरचा घाम पुसला आणि एक शब्दही न बोलता गाडी ढकलत तो निघून गेला. मी पाहिले, तर तिन्ही रांजण कोरडे होते. प्रमुखाने पाळ्यांचा सुरेख तक्ता करून भिंतीवर चिकटवला होता. पण ज्यांची नावे त्यात होती, त्यांना त्याने एका शब्दाने विचारले नव्हते. तो स्वतः शिकवणीला गेला होता.

तेवढ्यात आठवीतील एक मुलगी दोन्ही हातांनी बादली सावरत येताना दिसली. मागून तिचा लहान भाऊ कळशी घेऊन येत होता. ती आमच्या मंडळात नव्हती. पाणी तिच्या घरच्या नळाचे होते. मी विचारले, "तुला हे काम कोणी सांगितले?"

ती म्हणाली, "कोणीच नाही, सर. माझे अब्बा सायकलरिक्षा चालवतात. रिकाम्या माठावरून परत फिरावे लागले, की तहान दुप्पट होते, असे ते म्हणतात."

मला मान खाली घालावी लागली. दोष त्या मुलाचा नव्हता, माझा होता. मी त्याला बिल्ला दिला होता, काम दिले नव्हते. त्या मुलीकडे बिल्ला नव्हता, पण लोकांची गरज तिने ओळखली होती. मग त्या पाणपोईचे खरे नेतृत्व कोणी केले?

आपल्या विदर्भातील संत गाडगेबाबा गावात गेले, की आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडीत. रात्री कीर्तन करीत. दिवसभर ज्यांनी त्यांना गटारे साफ करताना पाहिले, ते लोक रात्री त्यांचे बोलणे मन लावून ऐकत. शिकवण देण्याचा अधिकार त्यांनी खराट्याने मिळवला होता. आधी काम, मग भाषण, हा त्यांचा क्रम होता. आपल्या मंडळांत मात्र हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

आता एका शब्दाचा विचार करू या. मराठीत 'स्वयंसेवक' म्हणतात. 'स्वयं' म्हणजे स्वतःहून. जो स्वतःहून सेवा करतो तो स्वयंसेवक. उर्दूत यासाठी 'रझाकार' हा शब्द आहे. 'रझा' म्हणजे राजीखुशी. किती चांगला अर्थ! पण मराठी माणसासमोर हा शब्द उच्चारला, की त्याचा चेहरा बदलतो. याचे कारण इतिहासात आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात याच नावाच्या सशस्त्र संघटनेने सामान्य जनतेवर अत्याचार केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्या राजवटीचा शेवट झाला. पण मराठवाड्यातील लोक ते दिवस विसरलेले नाहीत. याच्या उलट, खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ साली सरहद्द प्रांतात आपल्या अहिंसक अनुयायांना 'खुदाई खिदमतगार' हे नाव दिले. रोज किमान २ तास समाजाचे काम करण्याची शपथ ते घेत. त्या नावाचा आजही आदर होतो. मित्रांनो, यावरून काय समजते? नाव, गणवेश किंवा बिल्ला यांना स्वतःची किंमत नसते. तो घालणारा जसे वागतो, तशी त्याची किंमत ठरते. चांगला शब्दसुद्धा वाईट कामाने डागाळतो.

स्वयंसेवकाला तयारी लागते, हेही आपल्या नागपूरनेच देशाला दाखवून दिले आहे. १९२३ साली येथे झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचे चित्र असलेला तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्स भागात जाण्यास इंग्रज सरकारने मनाई केली होती. ती मोडण्यासाठी १ मे पासून रोज स्वयंसेवकांच्या तुकड्या निघू लागल्या. जमनालाल बजाज यांनी या सत्याग्रहाचे नेतृत्व केले. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल पुढे आले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक नागपूरला आले आणि दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. शेवटी ऑगस्ट महिन्यात झेंड्याची मिरवणूक त्या रस्त्याने गेली.

पण या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. तुरुंगातील हाल सहन न होऊन काही जणांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. कर्नाटकातील हुबळीहून आलेल्या तुकडीने मात्र माफी मागितली नाही. ही मुले काही वेगळ्या मातीची नव्हती. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी हुबळीच्या सेवा मंडळात त्यांना आधीपासून शिस्तीची आणि कष्टांची सवय लावली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मौलाना मोहम्मद अली जौहर. तेथे देशभरातील स्वयंसेवकांना शिक्षण देणारी संघटना उभारण्याचे ठरले. हिंदुस्थानी सेवा दल या नावाने ती पुढे ओळखली गेली आणि जवाहरलाल नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. हुबळीच्या मुलांचे धैर्य तुरुंगाच्या दारात अचानक आले नव्हते. रोजच्या लहानसहान कामांतून ते आधीच तयार झाले होते. शाळेतील सेवा मंडळाचा खरा उपयोग हाच आहे.

म्हणून नेता निवडण्याची आपली पद्धत बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्काउटमध्ये सहा ते आठ मुलांची एक टोळी असते आणि तिचा नायक त्यांच्यातलाच एक असतो. टोळी लहान असल्यामुळे कोण काम करतो आणि कोण चुकवतो, हे लपत नाही. हीच रीत सेवा मंडळातही चालेल. पहिले दोन महिने कोणालाही बिल्ला देऊ नये. सर्वांनी झाडावे, पाणी भरावे, हिशेब लिहावा. मग मुलांनीच सांगावे, की आमच्यात कोणावर भरवसा ठेवता येतो. आणि ज्याला बिल्ला मिळेल, त्यानेही तो कायमचा ठेवू नये. दर दोन-तीन महिन्यांनी नायक बदलावा. त्यामुळे जो आज हुकूम देतो, त्याला उद्या ऐकावे लागेल आणि ज्याने कधी तोंड उघडले नाही, त्यालाही बोलावे लागेल.

नेत्याने विचारायलाही शिकले पाहिजे. आपण पावसाळ्यात रोपे लावतो, फोटो काढतो आणि घरी जातो. उन्हाळ्यात ती रोपे वाळतात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. खड्डा खणण्याआधी "एप्रिल महिन्यात याला पाणी कोण घालणार?" असे जो विचारतो, तो मला पन्नास रोपे लावणाऱ्यापेक्षा मोठा नेता वाटतो.

आता काही पालकांच्या शंका. एक शंका अभ्यासाची. "सेवा करून गुण मिळतात का?" असे ते विचारतात. त्यांची काळजी खोटी नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचत आहे, तेथे एकेक तास मोलाचा असतो. पण थोडा हिशेब करून पाहा. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. 'मी नव्हे, तू' अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य आहे. तिच्यातील विद्यार्थ्याकडून वर्षाला १२० तासांच्या कामाची अपेक्षा असते. म्हणजे आठवड्याला अडीच तासही होत नाहीत. शाळेतील मुलांनी त्याच्या निम्मा वेळ दिला तरी पुरे. तेवढा वेळ आपण गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहून सहज घालवतो. मात्र शिक्षकांनीही एक मर्यादा पाळली पाहिजे. मुलांना भीती दाखवून किंवा गुणांची लालूच देऊन जे करून घेतले जाते, ती सेवा नव्हे. ती वेठ झाली.

दुसरी शंका मुलींची. "मुलगी रस्त्यावर उभी राहून पाणी वाटणार?" पाणपोईच्या वेळी हा प्रश्न आम्हांलाही आला. बादली आणणाऱ्या त्या मुलीला मंडळातील मुलांनी एकमताने नायक निवडले. पण घरून परवानगी मिळेना. तेव्हा तिची दादी म्हणाली, "मी तिच्याजवळ बसेन." दादी रोज सकाळी कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागली. आठ दिवसांनी आणखी तीन मुलींची नावे आली. मुलींना कामातून काढून टाकणे हा काळजी घेण्याचा सोपा मार्ग आहे, पण बरोबर मार्ग नाही. वेळ ठरवावी, सोबत द्यावी, पालकांना बोलवावे आणि मुलींना पुढे होऊ द्यावे.

आणि तो आमचा पहिला प्रमुख? पहिले दोन दिवस तो रुसला होता. मग त्या मुलीने त्याला सांगितले, "तुझा तक्ता चांगला होता. फक्त आधी सर्वांना विचारून घे." त्याने घरोघरी जाऊन प्रत्येकाला सोयीची वेळ विचारली आणि नवा तक्ता केला. त्यानंतर शाळेला सुट्टी लागेपर्यंत रांजण रिकामे राहिले नाहीत. त्याची हुशारी तेव्हाच कामाला आली.

सेवेला आपल्या शहरात जागा कमी नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. कितीतरी जण दूरच्या खेड्यांतून, डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन येतात. ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. अशा गर्दीत कोणाला पाणी हवे असते, कोणाला रस्ता विचारायचा असतो, कोणाचे मूल हरवलेले असते. आपण मोमिनपुऱ्याचे असू, सदरचे असू किंवा इंदोऱ्याचे असू. तहान लागलेल्या माणसाला आपण मोहल्ला विचारत नाही. तो यात्रेकरू आपल्याशी मराठीत बोलेल. म्हणून ही भाषा नीट शिका. ज्याची सेवा करायची, त्याची भाषा आली, तर पाण्याबरोबर दोन गोड शब्दही देता येतात.

जो कौमचा सरदार, तो कौमचा खिदमतगार, असे आपण घरातल्या मोठ्यांकडून ऐकत आलो आहोत. ऐकणे सोपे असते. या वर्षी तुमच्या शाळेत मंडळ स्थापन होईल, तेव्हा एवढेच करून पाहा. "लीडर कोण होणार?" असे विचारू नका. "सर, पाणी कोठून आणायचे?" असे विचारा.

स्वाध्याय

१. लेखकाला मान खाली का घालावी लागली?
२. हुबळीच्या तुकडीने तुरुंगात माफी का मागितली नसावी? लेखकाने दिलेले कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'सेवा' आणि 'वेठ' यांतील फरक एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. तुमच्या मोहल्ल्यातील एक गरज शोधा. ती पूर्ण करण्यासाठी कोणाकोणाला काय विचारावे लागेल, त्याची यादी करा.