विजेतेपदे आणि मालमत्ता कर

शिकागोलगतच्या मेवुड उपनगरातील प्रोव्हायसो ईस्ट या सार्वजनिक माध्यमिक शाळेने १९६९, १९७४, १९९१ व १९९२ साली इलिनॉय राज्याचे बास्केटबॉल विजेतेपद मिळविले. १९७२ साली चंद्रभूमीवरून सर्वांत शेवटी परतलेला यूजीन सर्नन आणि बास्केटबॉलचा नामांकित प्रशिक्षक डॉक रिव्हर्स हे येथलेच विद्यार्थी.

फ्रेड हॅम्प्टनही १९६६ साली येथूनच उत्तीर्ण झाला. मेवुडच्या कृष्णवर्णीय मुलांना पोहण्याचा तलाव मिळावा म्हणून तो झगडला. पुढे ब्लॅक पँथर पक्षाचा नेता झालेला हा २१ वर्षांचा तरुण ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याच वर्षी त्याच्या शाळेने राज्यविजेतेपद पटकावले होते. कृष्णवर्णीय मुलांच्या खेळाला टाळ्या देणाऱ्या व्यवस्थेला त्यांची हक्काची मागणी मात्र सोसली नाही.

या विसंगतीला आर्थिक बैठक आहे. तेथील शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता करातून भागविला जातो. साहजिकच धनिक उपनगराला कमी दरातही भरपूर पैसा मिळतो. गरीब उपनगराने अधिक दर सोसूनही तो अपुराच पडतो. १९७३ साली टेक्सासमधील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अशी पद्धत घटनासंमत ठरविली. २०१७ साली इलिनॉयने अनुदानाचे सूत्र बदलून गरजू शाळांना अग्रक्रम दिला, हे स्वागतार्ह होय. परंतु मालमत्ता करावरील मदार सुटलेली नाही.

मूठभर नामवंतांकडे बोट दाखवून संधी सर्वांना समान आहे असे म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. शाळेचा न्याय तिच्या अनाम विद्यार्थ्यांच्या वाट्यावरूनच ठरविला पाहिजे.