मागाला शेड मिळाली, मागवाल्याला घर कधी?



कापसाला भाव नाही, ज्वारी घरखर्चालाही पुरत नाही, म्हणून कोरडवाहू गावची पोरं इचलकरंजीत मागावर जातात. भाव मिळता तर गेलीच नसती, पण तो विषय वेगळा. विठ्ठलराव दातारांनी इथं १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला. पुढं सहकारी सूतगिरण्या, बँका, यड्रावची पार्वती औद्योगिक वसाहत उभी राहिली. मागाला शेड मिळाली, कर्ज मिळालं. मागवाल्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला भाड्याची पत्र्याची खोलीच आली.

घरं देणं सरकारचं काम, असं सांगितलं जातं. सोलापूरचे कामगार तेवढ्यावर थांबले नाहीत. सहकारी संस्था काढून त्यांनी कुंभारीच्या माळावर जागा धरली. २००६ साली तिथं दहा हजार विडी कामगार बायकांची घरं झाली. नंतरच्या रे नगरात ३० हजार घरांची योजना. पैकी १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली. अनुदान केंद्राचं दीड लाख, राज्याचं एक लाख. सरकारी पैसा आला खरा, पण तो मागायला आधी संस्था उभी होती.

इचलकरंजीत संस्थांना तोटा नाही. वसाहतींनी नवे भूखंड पाडताना कामगारांच्या घरांना जागा राखावी, सहकारी बँकांनी कारखानदाराला देतात तसं मागवाल्यांच्या गृहसंस्थेलाही कर्ज द्यावं. हा ठराव आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. ज्यांची पोरं तिथं आहेत त्यांनी खोलीचं भाडं विचारून यावं.