मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट कशासाठी?

साताऱ्याच्या माण-खटावपासून सांगलीच्या जत-आटपाडीपर्यंत वैद्यांच्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास कानी पडते : “मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, पिकला की काढू.” रुग्ण असे म्हणतो आणि आपल्यापैकी काही वैद्यबंधूही त्यास मान डोलावतात. या समजुतीचा फेरविचार व्हावा, असे आमचे नम्र मत आहे.

ही समजूत निराधार नव्हती. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशावर शलाकेने वेध सांगितला. वाग्भटाचार्यांनी लिंगनाश पूर्ण तयार होऊन दृष्टी लोपल्यावरच वेध करावा, असे सांगितले. वेधाने दृष्टिमार्ग मोकळा होई. परंतु तेथे दुसरे भिंग बसविण्याची सोय नव्हती. त्या काळच्या साधनाला साजेसाच तो नियम होता.

आता साधनच बदलले आहे. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग प्रथम बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले पर्स्पेक्सचे कण डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ मध्ये डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिकंपनांनी मोतीबिंदू फोडून शोषून घेणारी फेको पद्धत आणली. पुढे घडीची भिंगे आली. ती दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातात. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र संस्थेने ऑरोलॅबद्वारे देशातच भिंगे बनविण्यास प्रारंभ केला आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

फेको पद्धतीत मऊ मोतीबिंदू सुलभ, तर कठीण झालेला अवघड ठरतो. अतिपक्व मोतीबिंदूमुळे नेत्रदाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणजे एके काळी हिताचा असलेला नियम आज रुग्णाच्या अहिताचा ठरतो. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला, हाच आता शस्त्रक्रियेचा विचार करण्याचा काळ होय.

औषध विक्रेते बंधूंचीही जबाबदारी येथे मोठी आहे. ‘मोतीबिंदू विरघळविणारे थेंब’ मागणारे ग्राहक दुकानात येतात. तयार झालेला मोतीबिंदू कोणत्याही थेंबांनी विरघळतो, असे सिद्ध झालेले नाही. अशी बाटली देणे म्हणजे रुग्णाचे मोलाचे महिने वाया घालविणे. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात मध, अंजन वा घृत नेत्रतज्ज्ञाच्या अनुमतीवाचून मुळीच घालू देऊ नये.

भिंगाच्या निवडीबाबतही रुग्ण आपलाच सल्ला विचारतो. महाग भिंग म्हणजे अधिक चांगली दृष्टी, असे समीकरण नाही. साधे एककेंद्री भिंग दूरचे उत्तम दाखविते. वाचनास चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज घटते. परंतु रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्री उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्यास हे आधीच सांगावयास हवे. मधुमेहाने नेत्रपटल बिघडलेल्या रुग्णास असे भिंग बहुधा मानवत नाही. सिलिंडर नंबर अधिक असल्यास टोरिक भिंगाचा उपयोग होतो.

२०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा समावेश केला, तेव्हा आपल्या अधिकाराची चर्चा पुष्कळ झाली. कर्तव्याची चर्चा मात्र राहून गेली. प्रमेह आटोक्यात आणणे, भीती घालविणे आणि रुग्णास वेळेवर नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे हे प्रत्येक वैद्यास आजच करता येते. सुश्रुताचार्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी रुग्णास अंधारात वाट पाहावयास लावू नये, एवढीच विनंती.