वाटसरूच्या वाट्याची अक्षरे

नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे जाणारा प्रवासी नकळत बरेच काही वाचीत जातो. भूखंड विकणाऱ्यांचे फलक, पुढाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे फ्लेक्स, जाहिरातींनी रंगविलेल्या भिंती. भोरच्या बाजारपेठेतील चित्रही याहून निराळे नाही. या व्यवहारात भिंतीच्या मालकास भाडे मिळते, जाहिरातदारास गिऱ्हाईक मिळते. परंतु ज्याच्या नजरेवर हा सारा डोलारा उभा असतो, त्या वाटसरूच्या पदरी काहीच पडत नाही. सार्वजनिक जागेतील अक्षर ही पैसा वा सत्ता बाळगणाऱ्यांची मिरास होऊन बसली आहे.

या मिराशीस कलेच्या क्षेत्रातून आव्हान मिळाले आहे. जेनी होल्झर या अमेरिकन कलावतीने १९७७ पासून न्यूयॉर्कच्या भिंतींवर छोट्या छोट्या विधानांचे निनावी कागद चिकटविले आणि १९८२ साली टाइम्स स्क्वेअरमधील जाहिरातींच्या विद्युत्फलकावरच आपली वाक्ये झळकविली. आपल्याकडे हे काम शिल्पा गुप्ता यांनी केले. १९७६ साली मुंबईत जन्मलेल्या आणि तेथीलच जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या या कलावतीने वांद्र्याच्या समुद्रकिनारी इंग्रजी, हिंदी व उर्दू या तीन भाषांतून एकच वाक्य दिव्यांच्या अक्षरांत उजळविले. तुझ्या आकाशाखाली मीही राहतो, एवढाच त्याचा आशय. ते वाक्य काही विकत नाही, मत मागत नाही; वाचणाऱ्यास ते गिऱ्हाईक न समजता शेजारी समजते. त्याचे मोल यातच आहे.

महानगरातील ही चैन डोंगरी तालुक्यांना कशास हवी, असा प्रश्न कोणी विचारील. तो गैर नाही. तथापि अक्षरांचे महत्त्व या मुलखास ठाऊक नाही असे मुळीच नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मान्यता दिली, ती नावाच्या पाटीत इतिहास वसतो हे जाणूनच. २०२५ च्या जुलैमध्ये राजगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा त्याचा आनंद याच भावनेतून झाला. मग प्रश्न उरतो तो असा की, ज्यांच्या नावाची पाटीच राहिली नाही त्यांचे काय?

भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले; त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालचा ऊस पिकला. पानशेतचे पाणी पुणे शहर पिते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या प्रलयाची आठवण पुण्याने पुस्तकांतून व स्मरणलेखांतून जपली, आणि ते योग्यच झाले. परंतु या जलाशयांसाठी ज्यांची घरे, शेते व देवळे पाण्याखाली गेली त्यांच्या आठवणीस अशी जागा लाभली नाही. खालच्या खोऱ्यातील समृद्धीचा जमाखर्च मांडताना ही बाजू कोरीच राहते.

ती भरून काढण्यास मोठा निधी लागत नाही. जलाशयाच्या काठी, धरणाच्या रस्त्यालगत, बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव ठळक देवनागरीत लिहिले जावे. मजकूर ग्रामसभांनी विस्थापितांना विचारून ठरवावा. फ्लेक्सच्या लाटेत ज्यांचा कुंचला मागे पडला त्या स्थानिक पेंटरांकडून तो लिहवून घ्यावा. आणि त्याखाली सौजन्य म्हणून कोणाचेही नाव वा छायाचित्र नसावे. ही शेवटची अट सर्वांत अवघड, पण तिच्यावाचून सारे व्यर्थ आहे.

सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. भिंतीवर काय नसावे एवढेच कायदा सांगू शकतो. काय असावे हे समाजानेच ठरवावे लागते. विकाऊ जमिनीच्या फलकांमधून वाट काढीत जाणाऱ्या शहरवासीयास आपण पितो ते पाणी कोणत्या गावांवरून वाहते हे एकदा तरी वाचावयास मिळाले, तर भोर-वेल्ह्याचे ऋण निदान त्याच्या नजरेस पडेल. ऋण फेडण्याची गोष्ट त्यानंतरची.