मॉलशी माझं जेमतेमच!

महिन्याचं वाणसामान मी दोन ठिकाणांहून भरते. तेल, साखर, साबण मॉलमधून. डाळी, पोहे, गूळ मात्र पेठेतल्या दुकानातून. (आमच्या गावात त्या मोठ्या दुकानाला सगळे मॉलच म्हणतात, असू दे!) ‘एकदाच काय ते आणत जा ना’, असं घरच्या पुरुषांना वाटतं. पण ट्रॉली ढकलणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा असतो.

2001 मध्ये बिग बझार सुरू झालं, 2002 मध्ये राधाकिशन दमानी यांनी पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. तेव्हा ‘आता कोपऱ्यावरचा वाणी संपला’ असं जो तो म्हणत होता. 2012 मध्ये परदेशी गुंतवणुकीला परवानगी मिळाली तेव्हा तर केवढा गदारोळ! प्रत्यक्षात काय झालं? बिग बझारच कर्जात बुडालं. 2022 मध्ये त्याची बरीचशी दुकानं रिलायन्सने ताब्यात घेतली. डी-मार्ट मात्र वाढत गेलं. त्यामागे जादू नाही. बहुतेक जागा स्वतःच्या, म्हणजे भाडं वाचलं. माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते, म्हणून भाव कमी मिळतो. हे आपल्या आजीलाही कळलं असतं.

स्वस्त मिळतं, हे खरंच आहे. नाही कशाला म्हणू? पण मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं हो! आता एमआरपीजवळ ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतात तेही छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा. आणि ‘दोनावर एक फ्री’ शाम्पू घेताना तीन बाटल्या घरात कधी संपणार, तेही मोजा. त्या ऑफरपायी महिन्याचं दूधबिल अडतं.

पेठेतल्या शेठकडे ऑफर नसते, वही असते. पगार लांबला की ‘वहिनी, लिहून ठेवतो’ एवढ्यावर पिशवी घरी येते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कित्येक घरांच्या चुली या वहीवरच पेटल्या. मॉलच्या काउंटरवर पैसे कमी पडले तर मागच्या रांगेसमोर तेलाची पिशवी बाजूला काढून ठेवावी लागते. बाईला ते फार लागतं.

तरी मला मॉल नकोसा म्हणवत नाही, त्याचं कारण तिथल्या मुली. पेठेतल्या किती दुकानांत गल्ल्यावर बाई दिसते, सांगा? इथे आसपासच्या खेड्यांतल्या मुली एसटीने येतात, बिलं करतात, पगार थेट स्वतःच्या खात्यात. लग्नाचं वर्षभर लांबवता येतं, धाकट्याची फी भरता येते. ही काही लहान गोष्ट नाही.

पण त्या दिवसभर उभ्या असतात. मी कधीच कुणाला बसलेलं पाहिलं नाही. ‘मावशी, संध्याकाळी टाचा ठणकतात,’ एकजण हळूच म्हणाली. ‘पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका.’ केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायदाच केला, की दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यायची. केरळात तर साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनीच त्यासाठी आवाज उठवला होता. एका स्टुलाला पैसे ते किती लागणार?

गेल्या महिन्यात मी तिथली अभिप्राय-वही मागून घेतली आणि लिहून आले, ‘काउंटरवरच्या मुलींना बसायला स्टूल द्या.’ मॅनेजरने वाचलं, ‘वर कळवतो’ म्हणाला. अजून स्टूल आलेलं नाही. या महिन्यात पुन्हा लिहिणार आहे, शेजारच्या दोघींना घेऊन.