विठाबाईंची गोष्ट सांगताना

मैत्रिणींनो, आपल्या मेळाव्यांत नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट नेहमी सांगितली जाते. तमाशा रंगात असताना कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण टाळ्या वाजवतो. मला मात्र अलीकडे या टाळ्या खटकू लागल्या आहेत.

अशा वेळी मला एक इंग्रजी चित्र आठवतं. लंडनची नटी सारा सिडन्स हिचं हे चित्र रेनॉल्ड्सने 1784 साली रंगवलं. त्यात ती शोकनाट्याची देवी म्हणून सिंहासनावर बसली आहे आणि मागे करुणा व भीती मूर्तिरूपाने उभ्या आहेत. हीच सारा 1782 साली बाथचं नाटकघर सोडताना आपल्या तीन मुलांना घेऊन रंगमंचावर आली होती. जास्त मिळकतीसाठी लंडनला का जाते आहे, याची कारणं म्हणून तिने ती मुलंच प्रेक्षकांना दाखवली. चित्रात मात्र मुलंही नाहीत आणि मिळकतही नाही.

विठाबाईंनाही आपण असंच कलेच्या देवीचं रूप दिलं. देवीला रजा लागत नाही, औषधपाणी लागत नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या तमाशासम्राज्ञीची अखेर हलाखीत झाली. 2002 साली त्या गेल्या. 2006 साली शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. बाई मातंग समाजातली, त्यातून तमाशातली, म्हणून तिचं बाळंतपणही खेळातच जमा धरलं गेलं का, हे कुणी विचारत नाही.

असं विचारण्याने विठाबाईंचा अपमान होतो, असं काहींना वाटेल. तसं नाही. धैर्य त्यांचं होतं, पण ते दाखवण्याची पाळी त्यांच्यावर कुणी आणली? 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात कसरतीचे आणि इतर खेळ करणाऱ्या संस्थाही धरलेल्या होत्या. 2017 साली त्यातली रजा 26 आठवड्यांची झाली. फडातल्या किती जणींना ती मिळाली?

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी ठरवायला येतात. तिथे आपणही जाऊ या. बाळंतिणीची रजा, मुलांची सोय आणि उचल फेडण्याची मुदत यांबद्दल फडमालक आणि यात्रा कमिट्यांशी बोलू या. त्याआधी फडातल्या बायकांना विचारू या, की त्यांना काय हवं आहे.