लॅपटॉप बदलण्याआधी तो ‘टक्’ कुठून येतोय ते शोधा



मागच्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. ताई घरून व्हॉइस-ओव्हरचं काम करतात. क्लासेसचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती, मिळेल ते. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पण ग्राहकाने चाळीस मिनिटांची फाइल परत पाठवली होती. मधेमधे ‘टक्’ असा आवाज येत होता आणि दोन ठिकाणी तर शब्दाचं अर्धं अक्षरच गायब होतं.

ताई म्हणाल्या, “सर, लॅपटॉप जुना झालाय. बांगड्या ठेवते, सत्तर हजार उचलते आणि नवाच घेते. चालेल ना?”

मी म्हटलं, “ताई, दोन दिवस थांबा. बांगड्या कुठे जात नाहीत.”

आजचा लेख त्या दोन दिवसांबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज तुटतो किंवा उशिरा ऐकू येतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष मशीनच्या किमतीत नसतो, मांडणीत असतो. आणि दोष कुठे आहे हे कळायच्या आधी केलेला खर्च म्हणजे गुंतवणूक नाही, तो जुगार आहे. हे मी अनुभवाने बोलतोय. मीही एकदा असाच ‘टक्’ घालवायला महागडा माईक घेतला होता. माईक आला, पैसे गेले, ‘टक्’ तिथेच.

डब्यातल्या पोळ्या

आधी हे होतं का, ते समजून घेऊ.

एक खानावळ डोळ्यांसमोर आणा. आत मावशी पोळ्या लाटतायत, बाहेर गिऱ्हाईक जेवतंय. मध्ये एक डबा आहे. डब्यात वीस पोळ्या आधीच करून ठेवल्या असतील, तर मावशी जरा उठून गेल्या तरी ताट रिकामं राहत नाही. पण गिऱ्हाइकाला मिळणारी पोळी मघाची असते. डब्यात दोनच पोळ्या ठेवल्या, तर पोळी गरम मिळते, पण मावशींचा हात जरा थांबला की ताट रिकामं.

कॉम्प्युटरमधला हा डबा म्हणजे बफर. रिकामं ताट म्हणजे आवाज तुटणं. मघाची पोळी म्हणजे आवाज उशिरा येणं, ज्याला लेटन्सी म्हणतात. डबा मोठा केला तर उशीर वाढतो, लहान केला तर तुटण्याचा धोका वाढतो. दोन्ही एकदम शून्य करून देणारं मशीन बाजारात नाही, कितीही पैसे मोजा.

आता आकडे बघा. व्हिडिओसाठी आवाज साधारणपणे सेकंदाला 48,000 नमुन्यांनी नोंदवतात. बफर 256 नमुन्यांचा ठेवला, तर एक डबा साधारण 5.3 मिलिसेकंदांचा होतो. 1024 ठेवला तर 21 मिलिसेकंदांचा. आवाज आत येताना एक डबा आणि हेडफोनकडे जाताना दुसरा, म्हणून हा उशीर किमान दुप्पट धरायचा. ड्रायव्हरचा आणि उपकरणाचा स्वतःचा थोडा वेळ त्यावर वेगळा.

‘पण टास्क मॅनेजरमध्ये तर वीसच टक्के दाखवतंय!’

हा प्रश्न मला हमखास येतो. कॉम्प्युटर निवांत दिसतोय, मग आवाज का तुटतो?

कारण तो आकडा सरासरीचा आहे. 256 च्या बफरवर कॉम्प्युटरला एका मिनिटात 11,250 डबे वेळेवर पोचवायचे असतात. 11,249 वेळेवर पोचले आणि एक चुकला, तरी कानाला ‘टक्’ ऐकू येतो. धंद्यात नाही का, वर्षभर माल वेळेवर दिला आणि लग्नाच्या दिवशी गाडी उशिरा गेली, तर लोक तोच दिवस लक्षात ठेवतात!

तो एक डबा का चुकतो? बहुतेक वेळा कामाचा भार जास्त असतो म्हणून नाही, तर कोणीतरी मध्ये घुसतं म्हणून. वाय-फायचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, मागे चाललेला अपडेट, क्लाउडवर फाइल चढवणारं सॉफ्टवेअर, अँटीव्हायरसची तपासणी. यातलं कोणीही काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरलं की झालं काम.

शोधायचं कसं?

एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कळत नाही. पुढच्या महिन्यात तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिलं, फाइल मोबाईलवर घेऊन ऐका. ‘टक्’ तिथेही त्याच जागी येतोय का? येत असेल तर दोष रेकॉर्डिंगमध्ये आहे. येत नसेल तर फक्त ऐकवताना लॅपटॉप अडखळतोय, फाइल शाबूत आहे. मग परत रेकॉर्ड करायची गरजच नाही.

दुसरं, आवाजाची लहर मोठी करून बघा. लहर मधेच तुटून उडी मारते किंवा छोटासा तुकडा सपाट दिसतो, तर तो डबा चुकल्याचा प्रकार. लहरीचे शेंडेच कापल्यासारखे सपाट दिसत असतील, तर तो प्रकार वेगळा. माईकचा गेन जास्त आहे, कमी करा. या दोन दुखण्यांचं औषध एक नाही.

तिसरं, चार्जर लावा आणि पॉवरची सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की तो स्वतःचा वेग कमी करू शकतो. विंडोजमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, नाहीतर वीज वाचवण्याच्या नादात यूएसबी उपकरणाला डुलकी लागू शकते.

चौथं, रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय, ब्लूटूथ, क्लाउड सिंक आणि ब्राउझर बंद. यानं फरक पडला तर परत एकेक चालू करत जा, चोर सापडतो. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ नावाचं सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट मिळतं. दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते नावासकट दाखवतं.

पाचवं, माईक किंवा ऑडिओ इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. स्वस्त हबमध्ये पेनड्राइव्ह, माउस, हार्ड डिस्क आणि माईक एकत्र कोंबू नका. केबल एकदा बदलून बघा.

सहावं, सॅम्पल रेट सगळीकडे एकच ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये 48,000 आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये 44,100 असेल, तर ‘टक्’ येऊ शकतो. आणि जमेल तिथे आत-बाहेर एकच उपकरण वापरा. यूएसबी माईकने रेकॉर्ड करायचं आणि लॅपटॉपच्या जॅकवर ऐकायचं, म्हणजे दोन घड्याळं झाली. दोन घड्याळं कायम जुळत नाहीत.

सातवं, इंटरफेस असेल तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाका. विंडोजवर ‘एएसआयओ’ प्रकारचा ड्रायव्हर निवडा. मॅकवर ‘कोअर ऑडिओ’ मुळातच असतं.

आणि हो, उष्णता! मे महिन्यात, बंद खोलीत, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद, आणि लॅपटॉप गादीवर. तापला की तो वेग कमी करणारच. लाकडी पाटावर ठेवा, खालून हवा लागू द्या, दर अर्ध्या तासाने थांबा.

उशिराशी भांडू नका

बरेच जण इथे चुकतात. बोलताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो म्हणून बफर कमी-कमी करत नेतात, आणि मग आवाज तुटायला लागतो.

तुम्ही फक्त बोलून रेकॉर्ड करत असाल, तर तुम्हाला लहान बफर लागतच नाही. इंटरफेसवर किंवा चांगल्या यूएसबी माईकवर ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असते. त्यात तुमचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता सरळ हेडफोनमध्ये येतो. ती चालू करा, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा आणि बफर बिनधास्त 1024 वर ठेवा. दोन्ही त्रास गेले.

कीबोर्ड लावून कॉम्प्युटरमधली वाद्यं वाजवणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आवाज तयारच कॉम्प्युटरमध्ये होतो, म्हणून बफर लहानच हवा. अशा वेळी वाजवताना 128 किंवा 256 वर या, जड इफेक्ट बंद ठेवा. मिक्सिंगला बसलात की परत 1024. साधारण दहा मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना खुपत नाही. आवाज हवेतून साडेतीन मीटर यायलाही तेवढाच वेळ लागतो!

ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला नकोच. त्यांचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि कुठल्याही सेटिंगने तो पूर्ण जात नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा वायरचा हेडफोनही या कामात त्याला भारी पडतो.

मग खरेदी कधी करायची?

मी खरेदीच्या विरोधात नाही. सगळं तपासून झालं, वहीत लिहून झालं, आणि तरीही जुन्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप दोन ट्रॅकलाही दमतोय, तर घ्या. पण तेव्हा तुम्हाला नेमकं ठाऊक असेल की एसएसडी हवी, रॅम हवी की अख्खं मशीन. दुकानदार तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही त्याला सांगाल. कधीकधी सत्तर हजारांचं काम काही हजारांच्या एसएसडीत भागतं.

काही जण म्हणतात, “सर, चांगलं मशीन असलं की आत्मविश्वास येतो.” येतो, मान्य. पण दोष ड्रायव्हरमध्ये असेल तर नव्या लॅपटॉपवरही तोच ‘टक्’ येऊ शकतो. मग आत्मविश्वास जातो आणि हप्ता राहतो.

माझ्यासारख्या चॅनेलवाल्यांनाही एक बोलतो. ‘हे पाच माईक घ्या’ असे व्हिडिओ करणं सोपं आहे, लिंकमधून कमिशनही मिळतं. ‘वाय-फाय बंद करून बघा’ याला कमिशन नाही. म्हणूनच असे सल्ले कमी ऐकू येतात. ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

ताईंचं काय झालं?

ताईंनी वही घातली. पहिल्या संध्याकाळी काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सापडल्या. फोटो क्लाउडवर चढवणारं सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगच्या वेळीच चालू असायचं, आणि वाय-फायचा ड्रायव्हर जुना होता. एक बंद केलं, दुसरा नवा टाकला. खर्च शून्य. अर्ध्या तासाचं चाचणी रेकॉर्डिंग केलं, एकही ‘टक्’ नाही.

पण खरं सांगायचं तर नुकसान झालंच. चाळीस मिनिटं परत रेकॉर्ड करावी लागली, दोन रात्री गेल्या आणि त्या ग्राहकाने पुढचं काम अजून दिलेलं नाही. म्हणून ताईंनी आता नियम केलाय. प्रत्येक कामाआधी पाच मिनिटं चाचणी, आणि फाइल पाठवण्याआधी हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणं. कंटाळवाणं आहे, पण ‘टक्’ आपण आधी ऐकायचा, ग्राहकाने नाही.

बांगड्या घरातच आहेत.

तुमच्याकडे आवाज तुटत असेल तर आज रात्री वही काढा आणि पहिल्या पानावर तारीख टाका. पैसे नंतर काढा.

भेटू पुढच्या लेखात.